रिफिल केलं तरी अक्षरं पुसली जातात: दर महिन्याला परत येणारी तक्रार कशी मिटवायची

“अरे, अक्षरं हाताला लागतायत बघ.”

चिपळूणला माझं प्रिंटर दुरुस्तीचं आणि रिफिलिंगचं दुकान आहे. जून लागला की हे वाक्य दिवसातून दोन-तीनदा ऐकायला मिळतं. या वेळी आले होते कचेरीबाहेर बसणारे एक दस्तलेखक काका. स्टँप पेपरवर छापलेलं करारनाम्याचं पान त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि एका ओळीवरून अंगठा फिरवला. ‘भाडेकरू’ या शब्दाची शिरोरेषा अंगठ्याबरोबर निघून आली. कागदावर राखाडी फराटा आणि खाली लोंबणारे काने-वेलांट्यांचे तुकडे तेवढे उरले.

“तीन महिन्यांत तिसरं रिफिल. दरवेळी दुकानात छापून दाखवतात, पान झकास येतं. टपरीत नेलं की पुन्हा हेच. पाचशेचा स्टँप पेपर फुकट जातो माझा.”

काकांच्या बोलण्यातच दोषाचा पत्ता होता. दरवेळी रिफिलवाल्याच्या दुकानात गेलं होतं ते फक्त काट्रिज, म्हणजे लेझर प्रिंटरमधला टोनरचा, काळ्या पुडीचा, डबा. रिफिल करणाऱ्याने ते आपल्या प्रिंटरमध्ये घातलं, आपल्या कोरड्या कागदावर छापलं आणि पान चांगलं आलं. काकांचा प्रिंटर, त्यातला फ्यूजर, त्यांचा कागद आणि त्यांच्या टपरीतला व्होल्टेज यातलं काहीच दुकानात आलं नव्हतं. अक्षर कागदाला पक्कं चिकटवण्याचं काम काट्रिज करतच नाही, ते फ्यूजर, म्हणजे कागद तापवून दाबणारा भाग, करतो. त्यामुळे काट्रिज शंभर वेळा भरलं तरी ही तक्रार जाणार नव्हती. मी हा धंदा करतो, तरीही सांगतो: ‘अक्षर पुसलं जातं’ अशी तक्रार असेल तर आधी रिफिलला पैसे घालू नका. आधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधा. त्यासाठी टोनर म्हणजे काय आणि तो कागदावर कसा बसतो हे थोडं समजून घ्यावं लागेल.

टोनर ही शाई नाही

बाटलीतली काळी पूड पाहून ती काजळीसारखी वाटते, पण टोनर हे मुळात प्लास्टिक आहे. स्टायरीन-अ‍ॅक्रिलेट किंवा पॉलिएस्टर जातीचं राळेसारखं प्लास्टिक हा त्याचा पाया. काळ्या रंगासाठी त्यात कार्बन ब्लॅक असतो. घरोघरी आणि दुकानोदुकानी दिसणाऱ्या एचपीच्या १२ए, ८८ए अशा काट्रिजांच्या टोनरमध्ये याशिवाय चुंबकाला चिकटणारा बारीक लोह-ऑक्साइड असतो, तोही वजनाने जवळपास निम्मा. मग थोडं मेण, म्हणजे वितळलेलं टोनर गरम रोलरला चिकटून बसत नाही. एक विद्युतभार नियंत्रित करणारा घटक असतो. आणि कणांच्या बाहेरून लावलेली अतिसूक्ष्म सिलिका, जिच्यामुळे पूड गोळा न होता पाण्यासारखी वाहते. चांगल्या टोनरची बाटली तिरपी करून बघा, आतली पूड अक्षरशः लाट मारते. ओल लागलेलं किंवा निकृष्ट टोनर दगडी पिठासारखं ढेपाळत पडतं.

बनवायची जुनी रीत म्हणजे दळण. प्लास्टिक, रंग, मेण सगळं एकत्र करून तापवतात आणि दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमधून मळून काढतात, कणीक मळावी तसं. बाहेर येणारी काळी पट्टी थंड करून तिचे तुकडे करतात. मग ते तुकडे जेट मिलमध्ये जातात. तिथे पातं किंवा जातं नसतं. दाबाखालच्या हवेच्या झोतात कण एकमेकांवर आपटून फुटतात. त्यानंतर चाळणी, तीही हवेची: फार मोठे आणि फार बारीक कण वेगळे काढतात. उरतात ते ८ ते १० मायक्रॉनच्या आसपासचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत सात-आठ कण शेजारी शेजारी बसतील. सगळ्यात शेवटी सिलिका मिसळतात.

दळलेला कण सूक्ष्मदर्शकाखाली फोडलेल्या खडीसारखा वेडावाकडा दिसतो. नव्या पद्धतीत कण दळत नाहीत, द्रवात वाढवतात. प्लास्टिकचे अतिसूक्ष्म थेंब, रंग आणि मेण पाण्यात एकत्र आणून त्यांचे गोळे जमवतात, किंवा थेंबाच्या आतच प्लास्टिक घडवतात. हे कण गोलसर, एकसारखे आणि ५-६ मायक्रॉनपर्यंत बारीक होतात. यालाच केमिकल टोनर म्हणतात. रंगीत प्रिंटरांत आता बहुधा हाच असतो.

हे एवढं सांगायचं कारण असं की बाजारात ‘युनिव्हर्सल’ असं लिहिलेली बाटली मिळते, आणि काळी पूड म्हणजे काळी पूड असं समजून लोक ती कुठल्याही काट्रिजमध्ये ओततात. टोनरच्या तीन गोष्टी प्रिंटरशी जुळाव्याच लागतात: तो चुंबकीय आहे की नाही, तो कुठला विद्युतभार धरतो, आणि तो किती तापमानाला मऊ होतो. पहिली गोष्ट तुम्ही घरी तपासू शकता. बाटलीच्या बाहेरून चुंबक लावा. १२एच्या टोनरमध्ये पूड चुंबकामागे उभी राहते, केसाळ सुरवंटासारखी. सॅमसंगच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरांचं टोनर हलणारही नाही, कारण तिथे मॅग रोलर, म्हणजे टोनर पुढे नेणारा चुंबकी रोलर, नसून रबराचा डेव्हलपर रोलर असतो. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण तीच सगळ्यात जास्त घोटाळे करते. एचपी, कॅननच्या या काट्रिजांत टोनर ऋणभार धरतो, तर ब्रदरच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरांत धनभार. एकाचं टोनर दुसऱ्यात घातलं की जिथे अक्षर हवं तिथे काहीच नाही आणि जिथे कोरं हवं तिथे काळं, असा प्रकार होतो. तिसरी गोष्ट, मऊ होण्याचं तापमान, ही आपल्या आजच्या तक्रारीशी थेट जोडलेली आहे. वेगवान मोठ्या मशीनसाठी आणि छोट्या प्रिंटरसाठी बनवलेलं टोनर एकाच उष्णतेला सारखं वितळेल असं नाही.

आधी अंगठा, मग अर्धं पान

अंगठ्याची चाचणी काकांनी केलीच होती. ती नीट करायची तर पान छापून एक मिनिट थंड होऊ द्या, मग एका काळ्या पट्ट्यावर मध्यम जोर देऊन पाच वेळा घासा. दुसऱ्या काळ्या जागी घडी घाला, घडीवर नख फिरवा आणि उलगडून बघा. घडीवर बारीक पांढरी भेग दिसली तर चालेल. पापुद्रे उडाले तर टोनर कागदात शिरलेलं नाही, नुसतं वर बसलं आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं जाड चौकटींचं पान या चाचणीला फार सोयीचं.

आता अर्ध्या पानाची चाचणी. आमच्या धंद्यात निदानाची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. भरपूर मजकुराचं पान छापायला द्या. कागद आत ओढला गेला आणि निम्मा आत पोचला की झाकण उघडा. मशीन तिथेच थांबतं. काट्रिज बाहेर काढा, खोलीतला उजेड थोडा कमी करा आणि ड्रमवरचं झाकण अलगद उचला. ड्रम ही हिरवी-निळी चकचकीत नळी. तिला बोट लावायचं नाही, उन्हात तर मुळीच धरायची नाही. प्रकाश पडला की भार सोडून द्यायचा हाच तिचा गुण आहे, त्यामुळे जास्त उजेडाने ती कायमची बिघडते.

ड्रमवर तुम्हाला अक्षरं दिसतील, आरशातल्यासारखी उलटी, पुडीची. ती तिथे कशी आली? आधी पीसीआर, म्हणजे चार्ज देणारा काळा रबरी रोलर, ड्रमला साधारण उणे ६०० व्होल्टचा भार देतो. मग लेझर जिथे अक्षर हवं तिथे प्रकाश टाकतो आणि तेवढ्या जागेचा भार उतरवतो. मॅग रोलरवर घासून ऋणभार घेतलेलं टोनर समोर येतं. भारलेली जागा त्याला दूर ढकलते, उतरलेली जागा जवळ घेते. म्हणून अक्षर उमटतं. पुढे कागदाच्या पाठीमागचा ट्रान्सफर रोलर धनभार देतो आणि पूड ड्रमवरून कागदावर ओढली जाते. उरलीसुरली पूड वायपर ब्लेड खरवडून वेस्ट टोनरच्या कप्प्यात टाकतं.

एवढ्यातून दोन निदानं लगेच हाती येतात. पूर्ण काळं पान येत असेल तर ड्रमला भारच मिळत नाही: पीसीआर खराब, त्याचा संपर्क सुटलेला किंवा हाय व्होल्टेज गेलेलं. पूर्ण कोरं पान येत असेल तर लेझर पोचत नाही किंवा टोनर पुढे येत नाही. नव्या काट्रिजची सील पट्टी ओढायची राहिली आहे का, तेही पाहा. हे वर्षातून एकदा तरी होतंच.

आता कागदाकडे या. मध्येच थांबवलेल्या पानावर ड्रम ओलांडलेला पण फ्यूजरमध्ये न गेलेला भाग असतो. तिथली अक्षरं सुंदर, काळी, टोकदार दिसतात, आणि फुंकर मारली की उडून जातात. लेझर प्रिंटरमधलं प्रत्येक अक्षर एका क्षणापुरतं असं असतं: स्थिर विद्युताच्या भरवशावर कागदावर थांबलेली धूळ. काकांच्या प्रिंटरवर हीच चाचणी केली तेव्हा ही अक्षरं अगदी भरीव आली. म्हणजे अक्षर उमटवण्याचं काम काट्रिजने चोख केलं होतं. ड्रम, पीसीआर, मॅग रोलर, ब्लेड यांच्यावर आता एक रुपयाही घालायची गरज नव्हती. तुमच्याकडे मात्र इथेच अक्षर फिकं दिसलं तर फ्यूजरकडे जाऊ नका, बिघाड मागच्या टप्प्यांत आहे.

कठीण काम शेवटच्या टप्प्याचं

टोनर पक्का करणं ही या तंत्राची पहिल्या दिवसापासूनची डोकेदुखी आहे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात चेस्टर कार्लसन आणि त्याचा सहकारी ऑटो कोर्नाय यांनी पहिली कोरडी प्रत काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारला, अक्षरं लिहिलेल्या काचपट्टीतून त्यावर उजेड टाकला आणि लायकोपोडियमची पूड भुरभुरली. पत्र्यावर ‘१०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया’ उमटलं. पण पूड ती पूडच. ती टिकवायला त्यांनी मेणकागद वापरला आणि तो तापवला, म्हणजे मेण वितळून पूड पकडून ठेवेल. १९५९ साली ९१४ हे पहिलं यशस्वी ऑफिस मशीन बाजारात आलं, ज्याच्या कंपनीवरून आपण आजही ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणतो. त्याचा फ्यूजर इतका तापायचा की अडकलेला कागद पेटायचा, म्हणून मशीनबरोबर छोटं अग्निशामक दिलं जायचं. कमी तापलं तर अक्षर पुसतं, जास्त तापलं तर कागद करपतो, या दोन काठांमधून मार्ग काढणं आजच्या फ्यूजरलाही चुकलेलं नाही.

आपल्या छोट्या प्रिंटरमध्ये वर एक पातळ नळीसारखी फिल्म असते. आम्ही तिला ‘टेफ्लॉन’ म्हणतो. तिच्या आत चिनी मातीच्या जातीची हीटरची पट्टी, खाली मऊ प्रेशर रोलर. कागद या दोघांच्या चिमटीतून जातो. तिथलं तापमान १८० ते २०० अंशांच्या आसपास, आणि कागदाच्या कुठल्याही एका बिंदूला त्या चिमटीत सेकंदाचा दहावा भागही मिळत नाही.

आता वजनाचा हिशेब पाहा. ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागदाचं वजन ५ ग्रॅम. १२ए काट्रिजमध्ये आम्ही साधारण १०० ग्रॅम टोनर भरतो, आणि पानाचा पाच टक्के भाग काळा धरला तर त्यात २००० पानं निघावीत अशी अपेक्षा. म्हणजे एका पानावर फार तर ०.०५ ग्रॅम टोनर. कागद त्याच्या शंभरपट जड आहे! फ्यूजर टोनर वितळवतो असं आपण म्हणतो, पण त्याची बहुतेक उष्णता कागद तापवण्यात जाते. कागद जाड झाला, थंड असला किंवा ओला असला की टोनरच्या वाट्याला कमी उष्णता येते. ओला कागद सगळ्यात वाईट, कारण पाण्याची वाफ करायला उष्णता फार लागते. आपल्या कोकणात जुलैमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली उघडी रिम हाताला थंड आणि लिबलिबीत लागते. ते पान प्रिंटरमधून बाहेर येताना वाफ सोडतं, कधी कधी ती डोळ्यांना दिसते. तो धूर समजून घाबरून आलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

म्हणून तपासणीचा माझा क्रम असा: आधी कागद, मग सेटिंग, मग वीज, आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर.

कागदासाठी नवी रिम फोडा, तीही ओल नसलेल्या जागची. तिच्यावर छापलेलं पान पुसलं जात नसेल तर तुमचा अर्धा प्रश्न सुटला. रिमच्या वेष्टनाला आतून ओल अडवणारा थर असतो. ते फाडून फेकू नका, वापरून झालं की पुन्हा गुंडाळून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, जमिनीपासून वर. ट्रेमध्ये दिवसभराला लागेल एवढाच कागद घाला. स्टँप पेपर तर पावसाळ्यात कायम डब्यातच असायला हवा.

सेटिंगकडे फार थोडे लोक बघतात. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये कागदाचा प्रकार निवडायची सोय असते: प्लेन, लाइट, हेवी, बाँड, रफ. हे नुसतं नाव नाही. हेवी किंवा रफ निवडलं की प्रिंटर फ्यूजरचं तापमान वाढवतो, काही मॉडेल वेगही कमी करतात. स्टँप पेपर, लेजर (हिशेबवहीचा) पेपर, बाँड पेपर हे सगळे जाड आणि खरखरीत, त्यांना हे हवंच. पण तेच सेटिंग कायम ठेवून पातळ ७० जीएसएमवर छापू नका. पान गुंडाळतं आणि जास्त वितळलेलं टोनर टेफ्लॉनला चिकटून खाली पुसट सावली उमटवतं. मी विंडोजमध्ये एकच प्रिंटर दोनदा बसवून देतो, एकाचं नाव ‘साधा’, दुसऱ्याचं ‘स्टँप’. दुसऱ्यात हेवी कायमचं लावलेलं. छापताना नाव निवडायचं, बाकी काही लक्षात ठेवायला नको.

विजेचं गणित लोकांना पटायला वेळ लागतो. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर शक्ती पाऊण राहत नाही, जेमतेम ५५ टक्के उरते. प्रिंटर तरीही चालू राहतो. पहिलं-दुसरं पान चांगलं येतं, कारण सुरुवातीला तापायला वेळ मिळालेला असतो. मग सलग पानं जाऊ लागली की प्रत्येक कागद उष्णता पळवतो आणि हीटरला ती भरून काढता येत नाही. तुमच्याकडे पहिली पानं पक्की आणि नंतरची पुसली जाणारी असतील, किंवा दुपारी चांगलं आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर खराब येत असेल, तर मल्टिमीटर लावूनच बघा, तोही प्रिंटर छापत असताना. उलट पहिलंच पान खराब आणि पुढची चांगली असतील तर फ्यूजर थंड असताना कागद आत जातोय. तेव्हा एक कोरं पान आधी सोडून पाहा. लेझर प्रिंटर घरगुती छोट्या यूपीएसवर मात्र लावू नका. हीटर चालू होताना तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ओरडून बंद पडतो.

हे सगळं ठीक असूनही अक्षर पुसलं जात असेल तर फ्यूजर उघडायचा, तोही प्रिंटर बंद करून, प्लग काढून, अर्धा तास थांबून. पानाची एकच बाजू पुसली जात असेल, समजा फक्त डावी, तर त्या बाजूचा दाब कमी आहे: स्प्रिंग निसटलेली किंवा बुश झिजलेलं. ठरावीक अंतराने एकाच जागी पुसलं जात असेल तर टेफ्लॉन फाटलंय किंवा प्रेशर रोलरला खड्डा पडलाय. टेफ्लॉन बदलताना आतलं ग्रीस उष्णता सहन करणारंच हवं. साधं ग्रीस घालून ‘काम केलेला’ फ्यूजर मी उघडलाय, हीटरच्या पट्टीवर त्याची काळी खरपूड झाली होती. थर्मिस्टरवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या छोट्या संवेदकावर, कचरा बसला तरी तापमान चुकतं. हे काम अनुभवी हाताकडेच द्या.

काकांचा प्रिंटर

काकांच्या टपरीत मी संध्याकाळी सहाला गेलो. प्रिंटर एका एक्स्टेन्शन बोर्डवर होता, तो बोर्ड दुसऱ्या एक्स्टेन्शनवर, आणि त्यातच शेजारच्या चहावाल्याचा फ्रीज. छापताना मीटर १७२ दाखवत होता. स्टँप पेपर टेबलाच्या खालच्या खणात, फरशीवर. सेटिंग प्लेन.

प्रिंटरला मुख्य बोर्डापासून जाड वायरीची स्वतंत्र लाइन ओढून घेतली, पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर लावला. कागदाला डबा आणि ‘स्टँप’ नावाचा दुसरा प्रिंटर. त्यानंतर वीस पानं सलग छापली, विसाव्या पानावर अंगठा घासला. बोट कोरं राहिलं.

पण दुसऱ्या रिफिलच्या वेळी भरलेल्या टोनरमुळे पानावर हलकी राखाडी झाक उरली होती, ती या उपायांनी जाणारी नव्हती. पांढऱ्या भागात टोनर पसरणं हा फ्यूजरचा दोष नाही, भाराचा आहे. अर्ध्या पानाच्या चाचणीत ड्रमच्या कोऱ्या भागावर पारदर्शक चिकटपट्टी अलगद लावून ती पांढऱ्या कागदावर डकवली तर झाक स्पष्ट दिसते. ती दिसली म्हणजे एक तर पीसीआर नीट भार देत नाही, किंवा टोनर न जुळणारं आहे, किंवा कोणीतरी वेस्ट टोनर पुन्हा वापरलं आहे. वेस्टमध्ये कागदाचे तंतू आणि चुकीचा भार धरणारे कण असतात, ते परत भरणं म्हणजे गाळून झालेला चहाचा चोथा पुन्हा उकळण्यासारखं आहे. काकांचं काट्रिज पूर्ण रिकामं केलं, मॅग रोलर आणि त्यावर टोनरचा थर सारखा करणारं डॉक्टर ब्लेड कोरड्या ब्रशने साफ केलं, वेस्टचा कप्पा मोकळा केला, मग त्याच मॉडेलसाठीचं टोनर भरलं. जुन्या टोनरवर नवं ओतून हे जमत नाही, दोन टोनर एकमेकांवर घासून भलतेच भार धरतात.

ठिपके किंवा सावली पुन्हा पुन्हा उमटत असेल तर फूटपट्टी घ्या. एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्याचं अंतर म्हणजे दोषी रोलरचा घेर. या छोट्या काट्रिजांचा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणून ७५ मिलिमीटरला परत येणारा ठिपका ड्रमचाच. अंतर त्याहून वेगळं आलं तर बाकीच्या रोलरांचे व्यास मोजून ३.१४ ने गुणा आणि जुळवा. उभी काळी रेघ असेल तर वायपर ब्लेड किंवा ड्रमचा ओरखडा पाहा. उभी पांढरी रेघ असेल तर लेझरच्या काचेवरची धूळ किंवा डॉक्टर ब्लेडखाली अडकलेला टोनरचा खडा.

रिफिल घरी करणाऱ्यांसाठी: मास्क लावा आणि वर्तमानपत्र पसरून बसा. टोनर सांडलं तर घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, कण इतके बारीक असतात की ते फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर उडतात. कपड्यावर सांडलं तर आधी झटका, मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने अजिबात नाही. टोनर हे प्लास्टिक आहे, ते ५५-६० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतं आणि धाग्यात कायमचं बसतं. याच कारणाने मे महिन्यात टोनरची बाटली उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये, गुठळ्या होतात.

आणि दुरुस्तीला जाताना नुसतं काट्रिज नेऊ नका. प्रिंटर न्या. तुमच्याच रिममधले दहा कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून न्या. पुसलेलं पान फाडू नका, त्यावर तारीख, वेळ आणि ते सलग छापलेल्यांपैकी कितवं होतं ते पेनाने लिहून सोबत ठेवा.